मेक्सिकोतील एक झपाटलेले घर

मेक्सिको देशाच्या इदाल्गो राज्यात, पाचुका शहराजवळच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे नऊ हजार फूट उंचीवर रेआल देल मोन्ते नावाचे एक लहानसे गाव आहे. चांदीच्या खाणींसाठी ते एके काळी प्रसिद्ध होते. गावावर वारंवार धुके उतरते, गल्ल्या अरुंद आणि चढउताराच्या आहेत, आणि जागोजागी 'पास्ते' नावाचा खाद्यपदार्थ विकणारी दुकाने आहेत. हा पास्ते म्हणजे आपल्याकडील करंजीच्या घाटाचा, आत मांस-बटाट्याचे सारण भरून भाजलेला पदार्थ. तो मूळचा मेक्सिकोचा नव्हे. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल परगण्यातील खाणकामगारांच्या शिदोरीतून तो ह्या डोंगरात आला, आणि पुढे मिरचीचा संस्कार होऊन मेक्सिकन झाला. गावाबाहेरच्या टेकडीवर, उंच वृक्षांच्या सावलीत, त्या कामगारांचे स्मशान आहे. तेथील बहुतेक थडगी इंग्लंडच्या दिशेला रोखून बांधलेली आहेत. देह परमुलखात पडला तरी दृष्टी मायभूमीकडे असावी, अशी त्यामागची भावना.

ही माणसे तेथे का गेली, ह्याची हकीगत थोडक्यात अशी. स्पेनच्या राजसत्तेपासून मेक्सिको १८२१ साली मुक्त झाला, तेव्हा स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत खाणी पाण्याने भरून बंद पडल्या होत्या. १८२४ साली लंडनमध्ये एक कंपनी उभी राहिली. पुढच्याच वर्षी वाफेची अवजड यंत्रे आणि कॉर्नवॉलचे कामगार घेऊन तिची जहाजे व्हेराक्रूझच्या किनाऱ्याला लागली. किनाऱ्यावर पीतज्वराने त्यांतील कितीतरी माणसे दगावली. उरलेल्यांनी ती यंत्रे ओढीत, ढकलीत डोंगरावर नेली. एवढा खटाटोप करून कंपनीच्या पदरात नफा पडला नाहीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रचंड तोटा सोसून तिने गाशा गुंडाळला. मात्र ह्या खाणींतला संघर्ष इंग्रजांहूनही जुना आहे. १७६६ साली, म्हणजे स्पॅनिश अमदानीतच, येथील मजुरांनी मालकाविरुद्ध काम बंद पाडले होते, आणि अमेरिका खंडातील अगदी आरंभीच्या संपांमध्ये त्याची गणना केली जाते.

हे गाव, हे स्मशान आणि हे धुके ह्यांतून एक कादंबरी निघाली. तिचे नाव 'मेक्सिकन गॉथिक', लेखिका सिल्विया मोरेनो-गार्सिया. ती २०२० साली प्रसिद्ध झाली, अतोनात खपली, आणि पुढच्या वर्षी भयकादंबरीसाठी असलेला लोकस पुरस्कार तिला मिळाला. लेखिका जन्माने मेक्सिकन, वास्तव्याने कॅनडाची, आणि लिहिते ती इंग्रजीत. आपल्या भूमीची कथा परक्या भाषेत सांगण्याचे हे कोडे भारतीय वाचकाला नवे नाही. ही कादंबरी हाती घेतलेला वाचक ती खाली ठेवू शकत नाही, आणि ठेवल्यानंतर मात्र आपल्याला ती आवडली की नाही हे त्याला चटकन सांगता येत नाही. असे का व्हावे, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

'गॉथिक' ह्या शब्दाविषयी प्रथम दोन शब्द. १७६४च्या अखेरीस होरेस वॉल्पोल ह्या इंग्रज उमरावाने 'ऑट्रांटोचा किल्ला' ही कादंबरी प्रसिद्ध केली, आणि तिच्या पुढच्या आवृत्तीवर 'गॉथिक कथा' असा शब्दप्रयोग केला. तेव्हापासून जुना वाडा, त्यातील बंद दालने, घराण्याचे एखादे पाप, आणि त्या वाड्यात येऊन पडलेली एक तरुणी, हा साचा इंग्रजीत रूढ झाला. शार्लट ब्राँटीच्या 'जेन एअर'मध्ये (१८४७) माडीवर कोंडलेली वेडी स्त्री जमैकाची आहे, हे पुष्कळ वर्षे कोणाच्या फारसे ध्यानात येत नव्हते. जीन ऱ्हिस ह्या वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेल्या लेखिकेने १९६६ साली त्याच स्त्रीला नायिका करून स्वतंत्र कादंबरी लिहिली, तेव्हा त्या माडीचे दार बाहेरून कोणी लावले होते हे लोकांना दिसले. इंग्रजी वाड्यातील भुताचा उगम पुष्कळदा वसाहतीत असतो. मोरेनो-गार्सिया ह्यांनी एक पाऊल पुढे टाकले, आणि वाडाच उचलून वसाहतीत आणून ठेवला.

कथा १९५० सालची आहे. नोएमी ताबोआदा ही मेक्सिको शहरातील एका श्रीमंत रंग-उत्पादकाची मुलगी. नाचाच्या मजलिशी, नव्या तऱ्हेचे पोशाख, आज ह्याच्याबरोबर तर उद्या त्याच्याबरोबर फिरणे, आणि वर मानववंशशास्त्रात एम्. ए. करण्याची हौस, अशी ती. तिच्या चुलतबहिणीचे, कातालिनाचे, लग्न घाईने एका इंग्रज घराण्यात झाले आहे. एके दिवशी कातालिनाचे विचित्र पत्र येते. नवरा विषप्रयोग करीत आहे, भिंतीतून आवाज येतात, मला सोडवा, असा त्याचा आशय. वडील मुलीला सांगतात, तू तिथे जाऊन काय ते पाहून ये, मग विद्यापीठात जायला माझी हरकत नाही. त्या काळी मेक्सिकोतील स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताधिकारही नव्हता. तो १९५३ साली मिळाला. तेव्हा बापाने मुलीच्या शिक्षणाचा असा सौदा करावा, ह्यात अस्वाभाविक काही नाही.

एल त्रिउन्फो नावाच्या कल्पित गावात नोएमी उतरते. डोंगरावर 'हाय प्लेस', म्हणजे 'उंच जागा', नावाचा डॉईल घराण्याचा वाडा आहे. खाणी बंद पडल्या आहेत, चांदी संपली आहे, आणि तरीही वाड्याची ऐट संपलेली नाही. बागेसाठी माती विलायतेहून आणलेली. घरात स्पॅनिश भाषा चालत नाही. विजेचे दिवे नावापुरते. भिंतींवर ओल आणि बुरशी चढलेली. जेवताना बोलायचे नाही, सिगारेट ओढायची नाही, मोठ्याने हसायचे नाही. बहिणीला भेटायचे तर वेळ ठरवून, आणि तीही कोणाच्या तरी देखरेखीखाली.

कादंबरीचा हा पूर्वार्ध फार चांगला उतरला आहे. भीती वाटावी असे त्यात काहीच घडत नाही, आणि म्हणूनच भीती वाटते. जेवणाच्या मेजावर पाच-सहा माणसे बसली आहेत, चांदीची भांडी काळवंडली आहेत, कोणी बोलत नाही, काट्या-चमच्यांचा आवाज तेवढा होतो. नोएमी बोलायला तोंड उघडते आणि घरातली करारी फ्लॉरेन्स तिला नियमाची आठवण देते. एवढ्यातच वाचकाचा जीव गुदमरतो. एकत्र कुटुंबात नव्याने आलेल्या सुनेला हे वातावरण समजावून सांगावे लागणार नाही. घराचे भय हे भुतांचे नसतेच मुळी. कोणत्या वेळी कोणी कोठे बसावे, कोणी किती बोलावे, औषध कोणी द्यावे आणि डॉक्टर कोणता बोलवावा, हे ज्याच्या हाती असते त्याचे ते भय असते. कातालिना आजारी आहे की तिला आजारी ठेवले आहे, हा प्रश्न लेखिकेने पुष्कळ पानांपर्यंत तोलून धरला आहे. शार्लट पर्किन्स गिलमन ह्या अमेरिकन लेखिकेच्या, १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या 'पिवळा भिंतकागद' ह्या गाजलेल्या कथेतही विश्रांतीच्या नावाखाली एका स्त्रीला खोलीत कोंडलेले आहे आणि भिंतीवरच्या कागदात तिला काही हलताना दिसते. मोरेनो-गार्सिया ह्यांनी ते ऋण लपविलेले नाही.

ह्या मेजाच्या टोकाला घराण्याचा मूळपुरुष हॉवर्ड डॉईल कधी कधी येऊन बसतो. तो अतिवृद्ध आहे, पायावर न भरणारी जखम आहे, आणि त्याचा आवडता विषय आहे वंश. पहिल्याच भेटीत तो नोएमीच्या सावळ्या वर्णाविषयी बोलतो, आणि तेही जनावरांच्या बाजारातल्या गिऱ्हाईकाच्या निर्विकारपणे. उच्च आणि हीन वंश, रक्ताचे मिश्रण, त्यातून होणारा ऱ्हास, ह्यांवर तो तिची परीक्षा पाहतो. नोएमीही आपल्या अभ्यासाच्या बळावर त्याला उत्तरे देते. ही संभाषणे कादंबरीत उगीच आलेली नाहीत. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) ह्या अमेरिकन भयकथाकाराच्या लेखनातील स्त्रिया आणि सुप्रजननाचा विचार, हा लेखिकेच्या एम्. ए.च्या प्रबंधाचा विषय होता. ज्या लेखकाने परक्या रक्ताच्या भीतीतून आपली भुते निर्माण केली, त्याची विद्या शिकून घेऊन तिने ती त्याच्यावरच उलटविली आहे.

सुप्रजननशास्त्र हा शब्द आज ऐकू येत नाही, पण तो कोणा माथेफिरूच्या तळघरातला नव्हता. फ्रान्सिस गाल्टन ह्या इंग्रज पंडिताने १८८३ साली त्याला नाव दिले, आणि पुढची पन्नास-साठ वर्षे ते विद्यापीठांत, सरकारी समित्यांत आणि कायद्याच्या कलमांत सन्मानाने वावरले. येथे एका मराठी नावाची आठवण होणे अपरिहार्य आहे. इरावती कर्वे ह्या विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला शिकावयास गेल्या, त्या नेमक्या मानववंशशास्त्र आणि सुप्रजनन ह्यांना वाहिलेल्या संस्थेत. मार्गदर्शक ऑयगेन फिशर. युरोपीय माणसाची कवटी एका विशिष्ट बाजूला अधिक विकसित असते, आणि त्यामुळे तो अधिक तर्कनिष्ठ असतो, असा त्यांचा सिद्धांत. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आणि वंशावरून असा काही भेद दिसत नाही असा निष्कर्ष नोंदविला. परक्या देशात, परक्या भाषेत, गुरूच्या मताविरुद्ध, एका तरुण हिंदी स्त्रीने हे लिहून दिले. 'हाय प्लेस'च्या मेजावर बसून म्हाताऱ्या डॉईलला उत्तरे देणारी नोएमी वाचताना मराठी वाचकाला ही घटना आठवते, आणि मग कादंबरीतील प्रसंग किंचित फिकाही वाटू लागतो. नोएमी वादात चतुर आहे. परंतु तिच्या चातुर्याला कवट्या मोजण्याचे कष्ट पडलेले नाहीत. ज्या विद्येसाठी ती हा प्रवास पत्करते, ती विद्या उत्तरार्धात जणू गावाच्या स्थानकावरच विसरून राहते.

आणि येथूनच तक्रारीला आरंभ होतो. रहस्यकथेचा उलगडा सांगू नये असा संकेत आहे. परंतु ह्या पुस्तकाविषयी मन दुभंगते ते उलगड्यापाशीच, म्हणून थोडे उघड करणे भाग आहे. ज्यांना कादंबरी कोरी वाचावयाची आहे त्यांनी पुढील भागाकडे कानाडोळा करावा. वाड्यातील बुरशी ही केवळ ओलीची बुरशी नाही. डॉईल घराण्याच्या मूळपुरुषाला फार पूर्वी ती सापडली. ती जखमा भरून काढते, आयुष्य वाढविते, आणि भिंतींत, जमिनीत, माणसांच्या देहांत तंतू पसरून मेलेल्यांची स्मृती साठवून ठेवते. तिच्या साहाय्याने म्हातारा डॉईल एक देह टाकून दुसरा देह धारण करीत आला आहे. रक्त शुद्ध ठेवण्यासाठी घराण्यातल्या घराण्यात लग्ने झाली. आता ते रक्त विटले आहे, म्हणून बाहेरून ताज्या रक्ताची मुलगी हवी आहे.

कल्पना म्हणून ही असामान्य आहे, ह्यात शंका नाही. ज्याला शुद्धतेचा ध्यास, त्याचे सारे अस्तित्वच बुरशीवर पोसलेले. ज्याला सावळ्या रक्ताची घृणा, त्याला जगण्यासाठी तेच रक्त हवे. वसाहतवादाचे इतके नेमके रूपक अलीकडच्या भयकथेत क्वचितच सापडेल. शिवाय बुरशीचे तंतू जमिनीखाली दूरवर पसरून झाडाझाडांना जोडतात, हे विज्ञानाने दाखविलेले सत्य त्यामागे आहे. म्हणून रूपक पोकळ वाटत नाही.

मग बिनसते कोठे? आपल्या साहित्यशास्त्राने भयानक आणि बीभत्स हे दोन रस वेगळे मानले आहेत. एकाचा स्थायिभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. भरताने केलेला हा भेद ॲन रॅडक्लिफ ह्या इंग्रज कादंबरीकर्त्रीने, स्वतंत्रपणे, आपल्या एका निबंधात केला आहे; तो तिच्या मृत्यूनंतर १८२६ साली प्रसिद्ध झाला. संदिग्ध भयाने मन विस्तारते, आणि प्रत्यक्ष घृणेने ते आक्रसते, असे तिचे थोडक्यात म्हणणे. 'मेक्सिकन गॉथिक'चा पूर्वार्ध भयानकाचा आहे, आणि उत्तरार्ध एकाएकी बीभत्साच्या स्वाधीन होतो. फुटणारी गळवे, काळा स्राव, सडलेले मांस, तोंडात ओतलेले द्रव, ह्यांची पानामागून पाने येतात. पहिल्या दीडशे पानांत एक चमचा खाली पडला तरी दचकणारा वाचक, शेवटच्या शंभर पानांत माणसे पेटली तरी केवळ पान उलटतो. भिंत काय बोलते हे कळत नव्हते तोवर ती भिंत भयंकर होती. ती का बोलते हे घरातील एक पात्र सविस्तर समजावून सांगते, तेव्हा वाड्याचा दवाखाना होतो. फ्रान्सिस हा घरातला फिकट, भिडस्त मुलगा नोएमीला मदत करतो. तो मनाला भावतो खरा. परंतु बुरशीचे कार्य, घराण्याचा इतिहास, विधीची रीत हे सारे समजावण्याचे ओझे लेखिकेने त्याच्याच शिरावर टाकले आहे, आणि त्या ओझ्याखाली बिचारा माणूस म्हणून वाढू शकत नाही.

मराठीत भयकथा वाचून वाढलेल्या वाचकाला येथे आणखी एक फरक जाणवेल. नारायण धारप (१९२५–२००८) ह्यांनी पाश्चात्त्य भयकथेची कितीतरी बीजे आपल्या वाड्यांत आणि माळरानांवर आणून रुजविली. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ह्यांच्या गूढकथांनी तर शहरातल्या दोन खोल्यांच्या घरातही भय आणून बसविले. परंतु आपल्या लोककथेतले भूत बहुधा काही मागत असते. मुंजाची सोडमुंज राहिलेली असते, बाळंतपणात मेलेल्या स्त्रीचा जीव लेकरात अडकलेला असतो. मेलेल्याची वासना अपुरी, म्हणून जिवंतांना त्रास. 'हाय प्लेस'मध्ये उलट आहे. तेथे मेलेल्यांना काही नको आहे, एका जिवंताला मरावयाचे नाही. आपला देह, आपले घर, आपली मालकी सुटू नये, ह्यासाठी तो मेलेल्यांनाही मरू देत नाही. भुतांविषयी भय वाटण्याऐवजी त्यांची कीव येते, आणि ही ह्या पुस्तकाची खरी कमाई आहे.

आता सर्वांत मोठ्या शंकेकडे वळले पाहिजे. कादंबरीत खाणीचा इतिहास तुकड्यातुकड्यांनी कळतो. साथ आली, मजूर पटापट मेले. इंग्रजांना कोरीव शिळा मिळाल्या. मेक्सिकन मजुरांची प्रेते खड्ड्यात गेली, आणि पुढे उमगते की वाड्याच्या बुरशीला ती खत म्हणून घातली गेली. हे कळते तो क्षण साऱ्या पुस्तकातला सर्वांत थरारक क्षण आहे. गळवे आणि स्राव त्यापुढे फिके. ज्या वाड्यात मेणबत्तीच्या उजेडात चांदीच्या ताटल्या मांडल्या जातात, तो वाडा अक्षरशः मजुरांच्या देहांवर वाढला आहे.

असे असूनही त्या मजुरांना ह्या कादंबरीत चेहरा नाही. दोन-चार नावे जुन्या हकिगतींतून कानावर पडतात. संप करणारे कोणी होते. घराण्यातील रूथ नावाची मुलगी एका मेक्सिकन मजुरावर प्रेम करून बसली; तो नाहीसा झाला, आणि तिने घरातल्यांवर गोळ्या झाडून स्वतःला संपविले. हा प्रसंग ऐकताना अंगावर काटा येतो, पण लक्षात राहते ती बंदूक घेतलेली रूथ. ज्याच्यासाठी तिने बंदूक उचलली तो कसा बोलत होता, कसा हसत होता, वाचकाला काही माहीत होत नाही. गावात एक जडीबुटी देणारी म्हातारी आहे आणि सरकारी दवाखान्यातला एक तरुण डॉक्टर आहे. हाताशी तुटपुंजी औषधे आणि समोर दुखण्यांची रांग असूनही सभ्यपणे वागणारा हा डॉक्टर दोन-तीन प्रसंगांतच दिसतो. सरकारी नोकरांचे इतके सहानुभूतीचे चित्रण कादंबऱ्यांत विरळा, म्हणून तो अधिक वेळ दिसावयास हवा होता असे वाटते. पण ही दोघेही नोएमीला माहिती आणि काढा पुरविण्यापुरतीच येतात. डॉईल घराण्याने मजुरांना नाव न ठेवता पुरले, म्हणून कादंबरी त्यांच्यावर आरोप ठेवते. आणि मग तीही त्या मजुरांच्या मरणावर आपले भय पोसून घेते. आरोपपत्र न्याय्य आहे. परंतु साक्षीदारांना बोलावलेच गेले नाही, अशी काहीशी स्थिती होते.

लेखिकेच्या बाजूनेही बोलता येईल. नोएमी शहरातली श्रीमंत मुलगी आहे. खाणीतल्या माणसांचे जिणे तिला दिसणार नाही, हेच खरे. गॉथिक कथेचा साचा एका तरुणीच्या डोळ्यांनी पाहण्याचा आहे, आणि साचा मोडला तर कथा दुसरीच होईल. शिवाय अशा कथांतली नायिका बहुधा गोरी, गरीब आणि भेदरलेली असते. तिच्या जागी सावळी, श्रीमंत, फटकळ, लाल-जांभळ्या पोशाखांत त्या करड्या घरात वावरणारी मुलगी आणून बसविणे हाच एक बंडाचा भाग आहे. घर इंग्रजी, साचा इंग्रजी, भाषाही इंग्रजी. मेक्सिकन काय, तर त्या घराला न जुमानणारी ही एक मुलगी. पुस्तकाच्या नावाचा अर्थ कदाचित एवढाच असावा. हे सारे मान्य केले तरी मूळ हुरहूर जात नाही.

ती जात नाही ह्याला भारतीय वाचकापाशी एक कारण आहे. रेआल देल मोन्तेच्या १८२४च्या कंपनीच्या उभारणीत जॉन टेलर ह्या इंग्रज खाणतज्ज्ञाचा मोठा वाटा होता. ह्याच टेलर घराण्याची पेढी १८८०च्या सुमारास म्हैसूर संस्थानातील कोलारच्या सोन्याच्या खाणींवर आली. कॉर्नवॉलचे कामगार तेथेही आले. थंड हवा, बंगले, क्लब, प्रार्थनामंदिर ह्यांमुळे कोलारला 'छोटे इंग्लंड' म्हणत. शिवसमुद्रमच्या धबधब्यावर निर्माण झालेली वीज १९०२ साली ह्या खाणींना मिळाली, तेव्हा भारतातील कितीतरी मोठी शहरे अंधारात होती. खाली, पृथ्वीच्या पोटात दहा हजार फुटांपर्यंत उतरणारे मजूर बहुतांशी तमिळ आणि तेलुगू भाषिक, आणि त्यांतील पुष्कळसे दलित. खडक अकस्मात फुटून आणि दगडाची धूळ फुप्फुसात साठून त्यांतील किती दगावले! खाणी १९५६ साली सरकारकडे आल्या आणि २००१ साली बंद झाल्या. सोने काढून उरलेल्या, सायनाइडने धुतलेल्या मातीच्या टेकड्या मागे उरल्या. तेथे बुरशी नव्हती, देहांतर करणारा म्हातारा नव्हता. तरीही 'हाय प्लेस'च्या पायाखालची गोष्ट ह्या टेकड्यांपासून फार दूरची नाही. अशा ठिकाणाहून पाहणाऱ्याला गळवांच्या वर्णनाऐवजी त्या मजुरांविषयी आणखी दहा पाने मिळाली असती तर बरे, असे वाटले तर तो केवळ वाचकाचा हट्ट नव्हे.

वाड्याचा शेवट आगीत होतो. 'जेन एअर'मधला वाडा जळला, दाफ्ने द मोरियेच्या 'रेबेका'तलाही (१९३८) जळला. गॉथिक वाड्याला जळण्यावाचून गती नसते. येथे आग लावण्याचे कारण मात्र निराळे आहे, आणि ते नोएमीला ज्या क्षणी उमगते त्या प्रसंगात, एवढ्या गदारोळातही, लेखिकेचा हात पुन्हा स्थिर होतो. भिंतीभिंतीतून ज्या स्त्रीचा आवाज इतके दिवस येत होता, तिला कोणी, कशासाठी आणि कोणत्या अवस्थेत पुरले हे कळल्यावर नोएमी तिला घाबरण्याचे थांबते. तिला सोडविणे आणि घर पेटविणे ह्या दोन गोष्टी एकच होतात. बीभत्साने आक्रसलेले मन येथे पुन्हा किंचित मोकळे होते.

अगदी शेवटची पाने तर पूर्वार्धाच्या तोडीची आहेत. वाडा मागे राहिला आहे. जी माणसे वाचली ती गावात, त्या तरुण डॉक्टरच्या आश्रयाला आहेत. नोएमीचे वडील यावयाचे आहेत, अधिकारी यावयाचे आहेत, विचारपूस व्हावयाची आहे. फ्रान्सिस बिछान्यावर पडून आहे. त्याच्या रक्तात त्या घराचे तंतू जन्मापासून आहेत. ते जळाले की नुसते निजले, हे त्याला ठाऊक नाही. तो तिला आपली शंका बोलून दाखवितो. तिच्यापाशी उत्तर नाही. ती त्याच्याजवळ बसून राहते आणि त्याला धीर देते, आणि आपण देत असलेला धीर खरा आहे की खोटा, हे तिलाही त्या घटकेला सांगता आले नसते.